एका सहीचा अभ्यास

कौटुंबिक कायदा, आरोग्यविषयक कायदा आणि मानवी हक्क यांपैकी माझा मूळ विषय कोणता, असे मला नेहमी विचारले जाते. उत्तर देताना मला दर वेळी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०११ साली दिलेला ‘व्ही. सी. विरुद्ध स्लोव्हाकिया’ हा निकाल आठवतो.

रोमा या युरोपातील अल्पसंख्याक समाजातील, निकालात ‘व्ही. सी.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या तरुणीची २००० साली, दुसऱ्या बाळंतपणात सिझेरियन करतानाच नसबंदी करण्यात आली. कळा सुरू असताना तिची सही घेतली गेली. पुढच्या गरोदरपणात आपला किंवा बाळाचा जीव जाईल असे आपल्याला सांगितले गेले आणि नसबंदी या शब्दाचा अर्थही तेव्हा कळला नव्हता, असे तिचे म्हणणे होते. रुग्णाने नसबंदीची विनंती केल्याचे टंकलिखित शब्द आणि त्याखाली तिची सही, एवढाच तो पुरावा. सही थरथरती होती आणि तिच्या माहेरच्या आडनावाचे दोन तुकडे पडले होते, ही नोंद निकालपत्रातच आहे. ती वाचल्यापासून कोणतेही संमतिपत्र हाती आले की मी मजकुराआधी सही पाहते.

नसबंदी ही जीव वाचवण्यासाठी तातडीने करायची शस्त्रक्रिया नव्हे, असे सांगत न्यायालयाने युरोपीय मानवी हक्क करारातील अमानुष वागणुकीविरुद्धच्या तिसऱ्या कलमाचा आणि खासगी व कौटुंबिक जीवनाविषयीच्या आठव्या कलमाचा भंग झाल्याचे ठरवले. पुढे तिचा घटस्फोट झाला आणि मूल न होणे हे त्याचे एक कारण असल्याचे तिने न्यायालयाला सांगितले. तरीही विवाह आणि कुटुंब स्थापण्याच्या हक्काचा, म्हणजे बाराव्या कलमाचा, स्वतंत्र विचार करण्याची गरज न्यायालयाला वाटली नाही. भेदभावाचा मुद्दाही तसाच बाजूला राहिला. त्यावर न्यायमूर्ती मियोविच यांनी एकट्याने भिन्नमत नोंदवले. मला ते भिन्नमत पटते, कारण रुग्णालयाच्या कागदांत तिच्या रोमा असण्याची नोंद होती आणि ती नोंद तिथे कशासाठी होती, हे विचारायलाच हवे होते.

आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र महासंघाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, कळा सुरू असताना नसबंदीची संमती मागू नये आणि पतीच्या संमतीची अटही घालू नये. यातली पहिली सूचना आरोग्यविषयक कायद्याची आणि दुसरी कौटुंबिक कायद्याची, अशी वाटणी मला कधी करता आलेली नाही. दोन्ही सूचना त्याच एका बाईच्या शरीराविषयी आहेत.