माजघरातलं वायफाय

आमचं घर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात, मातीचं, भिंती दीड हात जाड. राउटर समोरच्या सपरीत, कारण फायबरवाल्यानं वायर तिथंच सोडली अन् चहा पिऊन गेला. सपरीत मोबाईल सुसाट, माजघरात एक दांडी, मागं कोठ्यात शून्य. अन् बाबा कापसाचे भाव कोठ्यातच बसून बघणार!

दिवाळीत तीन डब्यांचा मेश सेट आणला, म्हणजे एकाच वायफायची रेंज एका डब्यातून दुसऱ्यात पुढं नेणारे डबे. पहिला राउटरला वायरनं जोडला. दुसरा थेट स्वयंपाकघरात, तिखटाच्या डब्याशेजारी ठेवला. लाल दिवा. चूक माझीच. जिथं रेंजच पोचत नाही तिथं बसून तो पुढं काय देणार? माजघराच्या दाराशी, अर्ध्या वाटेवर सरकवला तेव्हा दिवा हिरवा झाला. वायफायच्या लहरी दोन: ५ गिगाहर्ट्झची वेगवान खरं, पण जाड भिंत आली की दम टाकते, २.४ची हळू, पण बरीच पार जाते.

कोठ्याचं मात्र जमेना. मधात टिनाचं छप्पर. शेवटी पुतण्याला हाताशी घेऊन २५ मीटर लॅनची वायर ओढली, उंदरांच्या धाकानं पाइपातून. तिसरा डबा वायरवर आल्यापासून बाबांचे व्हिडिओ अडकत नाहीत.

आई म्हणाली, "काऊन रे, एवढे डबे आणले, अन् लाइन गेली का सगळेच बंद?"

आता फायबरचा डबा, राउटर अन् घरातले दोन्ही मेश इन्व्हर्टरवर आहेत. कोठ्यातला अजून नाही. बाबा रोज आठवण देतात.