कोल्हापूर ते गगनबावडा: दीड तासात तीस अँपिअर-तास

मुक्कामी फ्रिज आणि दिवे चालवायला गाडीत दुसरी बॅटरी टाकली की प्रवासात ती आपोआप भरते, हा भ्रम कोल्हापुरातून निघणाऱ्याचा लवकर फिटतो. कारण आपली मुक्कामाची ठिकाणं जवळ. गगनबावडा ५५ किलोमीटर, म्हणजे दीड तास. २० अँपिअरच्या चार्जरने तेवढ्या वेळात फार तर ३० अँपिअर-तास (करंट गुणिले तास, बॅटरीतल्या साठ्याचं माप) आत जातात, तेही सगळं नीट जुळलं तर. म्हणून मी हिशेब चार्जिंगपासून नाही, खर्चापासून मांडला.

४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना साधारण ४५ वॅट घेतो. मार्चच्या दुपारा धरल्या तर कॉम्प्रेसर दिवसातला ४० टक्के वेळ चालतो. २४ तासांचे ४३० वॅट-तास, बॅटरीतून ३३ अँपिअर-तास. दिवे, मोबाइल आणि पाण्याचा छोटा पंप धरून दिवसाला एकूण ४०. दोन दिवसांना ८०. फ्रिज आदल्या रात्री घरच्या विजेवर गार करून त्यात गारच सामान भरलं तर पहिल्या दिवसाचा खर्च उतरतो. गरम पांढरा रस्सा डब्यासकट आत ठेवायचा असेल, तर हा आकडा विसरा.

बॅटरीसाठी बहुतेकांनी घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी सुचवली. स्वस्त आहे, पण ५०-६० किलोचं धूड, चार्ज होताना हायड्रोजन सोडतं, आणि बंद केबिनमध्ये तो नको. शिवाय लेड-ॲसिडचे शेवटचे २० टक्के भरायला कित्येक तास लागतात, आपल्याकडे दीडच आहे. मी १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली. वजन १२ किलो, ८०-९० टक्के वापरता येते आणि पूर्ण भरत येईपर्यंत करंट खेचत राहते. तिला उष्णता सोसत नाही, त्यामुळे जागा बॉनेटखाली नाही, डिकीत. ट्रे उद्यमनगरात अँगल आणि ३ मिलिमीटर पत्र्यातून करून घेतला आणि सीटच्या मूळ बोल्टांवर कसला. फ्लोअरला नवीन भोक पाडायचं असेल तर आधी गाडीखाली झोपून डिझेलची आणि ब्रेकची लाइन कुठून जाते ते बघा.

सुरुवातीला खर्च वाचवायला व्होल्टेजवर चालणारा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, लावला होता. असा रिले १३.३ व्होल्टला दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ ला तोडतो. जुन्या गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज करणारा) सतत १४.२-१४.४ देतो, तिथे लेड-ॲसिडला हे चालून जातं. माझी गाडी बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण-नियमांची. स्टार्ट केल्यावर मीटरवर १४.४ दिसले आणि वाटलं, झालं काम. रंकाळा मागे पडेपर्यंत आकडा १२.६ वर आला होता, म्हणजे रिलेने जोड तोडला होता. मुख्य बॅटरी भरली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंधन वाचवायला अल्टरनेटर सैल सोडतो, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, उतार लागला की पुन्हा ताणतो. करूळ घाट उतरताना आकडा झकास चढतो, पण घाट गगनबावड्याच्या पुढे आहे, त्याचा आपल्याला काय उपयोग?

यावर उपाय डीसी-डीसी चार्जर. आत १२ व्होल्ट येवोत नाहीतर १४.५, बाहेर तो बॅटरीला हवे ते १४.४ देतो. २० अँपिअरचा घेतला, सोलरचा एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा कंट्रोलर) त्यातच आहे. त्याला इग्निशनची वायर द्यावीच लागते. फक्त व्होल्टेज बघून चालू-बंद होण्यावर सोडला, तर अशा गाडीत तो भर रस्त्यात झोपतो. फ्यूज बॉक्समध्ये चावी काढल्यावर मरणारा फ्यूज मल्टिमीटरने शोधून तिथून फ्यूज-टॅपने वायर घेतली. गाडीची मूळ वायरिंग (हार्नेस) कापली नाही, वॉरंटीचा वाद नको.

एवढं करूनही चार्जर दर दोन मिनिटांनी बंद पडायचा. दोष वायरिंगचा होता. बाहेर २० अँपिअर द्यायला त्याला आत जवळजवळ २६ लागतात. बॉनेटपासून डिकीपर्यंत ५ मीटर, वायर ६ चौरस मिलिमीटर. एवढ्यावर ०.४ व्होल्ट गळतात. स्वस्त फ्यूज होल्डर आणि रंगावरच कसलेल्या अर्थिंगने आणखी तितकेच खाल्ले. मुख्य बॅटरीवर १२.६, चार्जरच्या तोंडाशी ११.८. तो बिचारा मुख्य बॅटरी संपत आली समजून थांबायचा. १६ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर ओढली, वायरच्या टोकांचे लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबले, अर्थिंगच्या जागी रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर बोल्ट कसला आणि वरून पेट्रोलियम जेली फासली. आता पॉझिटिव्ह वायरमध्ये ०.१५ व्होल्टसुद्धा पडत नाहीत. हे माप चार्जर पूर्ण लोडवर असतानाच घ्या, नुसत्या वायरवर सगळं ठणठणीत दिसतं.

फ्यूज दोन्ही टोकांना हवेत, प्रत्येक बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात, ४० अँपिअरचे, बोल्टने कसायचे. एकाच टोकाला लावला आणि मधे वायर घासून बॉडीला लागली, तर दुसरी बॅटरी तिकडून आग लावायला मोकळी. आणि निगेटिव्ह मुख्य बॅटरीच्या टर्मिनलवर जोडू नका, बॉडीला जोडा. बीएस-६ गाड्यांत त्या टर्मिनलवर बहुधा करंट मोजणारा सेन्सर असतो. त्याला टाळून करंट गेला की ईसीयूचा बॅटरीचा अंदाज चुकतो. वायरिंगवाले सवयीने तिथेच जोडतात, समोर उभं राहून सांगावं लागतं.

किती शिल्लक आहे ते लिथियममध्ये व्होल्टवरून कळत नाही. ४० टक्क्यांनाही १३.१-१३.२ आणि ८० लाही १३.३. निगेटिव्हमध्ये शंट, म्हणजे जाणारा-येणारा करंट मोजणारी पट्टी, लावला आणि सगळे लोड त्याच्या पलीकडून घेतले. एक जरी लोड थेट टर्मिनलवरून गेला तर आकडा खोटा. बॅटरी पार संपली तर आतला बीएमएस (बॅटरीला जपणारं सर्किट) तोडतो आणि टर्मिनलवर शून्य दिसतं. बॅटरी मेलेली नसते, पण काही चार्जर शून्य बघून सुरूच होत नाहीत. मी २० टक्क्यांवर फ्रिज बंद करतो.

तिसऱ्या दिवसासाठी १२० वॅटचं घडीचं पॅनल. हिवाळ्यात स्वच्छ उन्हात प्रत्यक्ष ८०-८५ वॅट, दिवसाला ३० अँपिअर-तास. एका फांदीची सावली पडली तरी निम्म्याच्या खाली. म्हणून गाडी झाडाखाली आणि पॅनल ४ चौरस मिलिमीटरच्या ५ मीटर वायरवर बाहेर उन्हात, दर दोन तासांनी सूर्याकडे वळवून. पावसाळ्यात गगनबावड्याला पॅनल नेणं म्हणजे नुसतं ओझं. तेव्हा इंजिन उभ्याने चालवायचा मोह होतो. तासाला अर्धा ते एक लिटर डिझेल जळतं आणि मिळतात फार तर २० अँपिअर-तास. त्यापेक्षा बाजारापर्यंत एक चक्कर मारलेली बरी.

परतीच्या ३० अँपिअर-तासांनी बॅटरी भरत नाही, घरी १० अँपिअरचा लिथियमचाच चार्जर रात्रभर लागतो. लेड-ॲसिडचा, डिसल्फेशनवाला (जुनी लेड-ॲसिड बॅटरी सुधारायचा मोड असलेला) लावायचा नाही. पुढची फेरी महिनाभर लांब असेल तर ६० टक्क्यांवर थांबवतो आणि निघायच्या आदल्या रात्री पूर्ण भरतो.