पाचानंतरचं अक्षर

“ही डेट्रॉइटची ना?”

गाडीभोवती एक चक्कर मारून झाली की हाच प्रश्न येतो. मंडळाच्या गणपतीत आला, देसी किराणा दुकानाबाहेर आला, एकदा तर पेट्रोल भरताना मागच्या गाडीतून एक काका खास उतरून आले आणि त्यांनी विचारलं. १९६५ ची फोर्ड मस्टँग, पांढरी, दोन दारांची. मी “नाही हो, मिल्पिटासची” म्हणतो आणि समोरचा हसतो. अमेरिकन मोटारी म्हटलं की सगळ्यांना डेट्रॉइटच आठवतं, आणि कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतालच्या बे एरियातल्या आपल्या लोकांना मिल्पिटास म्हणजे डोसा, किराणा आणि ग्रेट मॉल. तिथे मस्टँग कुठून येणार? तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगून टाकतो.

गाडी घेतली तेव्हा मलाही ती डिअरबॉर्नची, म्हणजे डेट्रॉइटला लागून असलेल्या फोर्डच्या मूळ गावची वाटत होती. विकणाऱ्याने तसं छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि मी इंजिनाच्या आवाजावर इतका भुललो होतो की कागद घरी येऊन उघडले. ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला, कुलुपाखाली, एक पत्र्याची पट्टी असते. तिच्यावर नंबराची सुरुवात होती ५ टी. टायटलवर, म्हणजे इथल्या आरसी बुकावर, ५ आर. पुढचे आकडेही जुळेनात. एका गाडीचे दोन नंबर म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. चोरीचा माल तर नाही?

रात्री बाबांना कुर्ल्याला फोन लावला. बाबा तिथल्या प्रीमियरच्या मोटार कारखान्यात फिटर होते. त्यांच्या काळात तिथे फियाट बनायची, पण जुनी मंडळी १९४७ पासूनच्या डॉज आणि प्लिमथच्या गोष्टी सांगत. सुटे भाग अमेरिकेतून खोक्यांत भरून यायचे आणि कुर्ल्याला त्यांची गाडी व्हायची. त्याआधी, १९२८ पासून, शिवडीला जनरल मोटर्स तशीच शेवरोले जोडत होती. त्यामुळे अमेरिकन गाडी अमेरिकेत एकाच जागी जन्मते असा भ्रम बाबांना कधीच नव्हता.

“दाराचं काय घेऊन बसलास?” ते म्हणाले. “दार दोन बिजागऱ्यांवर असतं, कुणीही बदलतं. अंगावरचा नंबर बघ. पेन्सिल प्रिंट काढ.”

पेन्सिल प्रिंट! वीस वर्षांत हा शब्द कानावर पडला नव्हता. आरटीओत गाडी नावावर करताना चॅसिस नंबरवर कागद धरून वरून पेन्सिल घासतात, ती. मस्टँगला वेगळी चॅसिस नसते, सगळं अंग एकसंध. नंबर ठोकलेला असतो बॉनेटखाली, डाव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्याच्या वरच्या काठावर, आणि तो वाचता यावा म्हणून मडगार्डला एक छोटी खाच ठेवलेली असते. तिथे ५ आर होतं. पण उघड्यावरच्या नंबराशी कुणीही खेळू शकतो. तोच नंबर दोन्ही बाजूंच्या मडगार्डखाली झाकूनही ठोकलेला असतो. तिथे जायला मडगार्ड उतरवावं लागतं, म्हणून खोटेपणा करणारा सहसा तिथवर जात नाही.

एका शनिवारी मित्राला बोलावून उजवं मडगार्ड उतरवलं. बोल्ट इतके धरलेले की दोन वेळा पाना सटकून माझी बोटं सोलली. खाली काठावर जुना रंग, त्यावर धूळ-तेलाचा थर, त्याखाली गंज. थिनरचं फडकं फिरवलं, स्वयंपाकघरातला बटर पेपर धरला आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासायला लागलो. आधी नुसती गंजाची रवाळ नक्षी उमटली. मग पाचाचं पोट. मग एक उभी रेघ, तिला वर गोलावा. इथे माझा श्वास अडकला. गोलाव्याखालून तिरका पाय निघाला तेव्हा सुटला. आर. पुढचे आकडेही टायटलशी जुळले. बाबांना फोटो पाठवला. उत्तर आलं: “ठीक. मडगार्ड बसवताना आधी सगळे बोल्ट हाताने धरव, मग आवळ.”

आता त्या अक्षराचं. पहिला ५ म्हणजे १९६५ चं मॉडेल. पुढचं अक्षर कारखान्याचं: एफ डिअरबॉर्न, आर सॅन होजे, टी मटचन. त्यानंतर ०७ म्हणजे बंद टपाची, ०८ उघड्या टपाची, ०९ फास्टबॅक, म्हणजे मागे उतरत जाणाऱ्या टपाची. मग इंजिन. माझ्या गाडीचं सी, म्हणजे २८९ घनइंची, आठ सिलिंडरचं व्ही-एट. शेवटच्या सहा आकड्यांवर लोक फार जीव टाकतात. ती मोजणी प्रत्येक कारखान्यात १००००१ पासून सुरू व्हायची, आणि त्याच लाइनवर निघणारी इतर मॉडेलंही त्यातच धरली जायची. म्हणजे अमुकाव्वी मस्टँग असं त्यावरून काही ठरत नाही.

तीन कारखाने लागले ते खपामुळे. १७ एप्रिल १९६४ ला गाडी बाजारात आली आणि पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांच्या वर गेली. एकट्या डिअरबॉर्नच्या आवाक्यातलं हे काम नव्हतं. शिवाय तयार गाडी रेल्वेने देशभर पाठवायची म्हणजे अर्ध्याहून जास्त वाघीण हवाच वाहून न्यायची. सुटे भाग दाबून भरता येतात. कुर्ल्याचा हिशोब तोच, फक्त मध्ये समुद्र नव्हता.

गंमत म्हणजे तीनपैकी दोन नावं चुकीच्या गावाची आहेत. मटचन कारखाना खरा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये होता आणि सॅन होजे कारखाना मिल्पिटासमध्ये. आज या दोन्ही गावांत मराठी बोललेलं सहज कानावर पडतं. माझा मावसभाऊ एडिसनला राहतो. तिथे २००४ पर्यंत फोर्डचा कारखाना चालू होता हे त्याला माझ्या दारामुळे कळलं.

मिल्पिटासची गोष्ट मला जास्त आवडते. फोर्डचा आधीचा कारखाना उत्तरेला रिचमंडला, खाडीकाठी होता. १९५५ मध्ये तो मिल्पिटासला हलवला. गोऱ्या कामगारांना नव्या वस्त्यांत घरं मिळाली, काळ्यांना कुणी देईना. शेवटी कारखान्यातल्या कामगार युनियनने सनीहिल्स नावाची सगळ्यांना खुली वसाहत उभी करायला पुढाकार घेतला. त्याच कारखान्यातले बेन ग्रॉस हे कृष्णवर्णीय कामगार १९६६ मध्ये मिल्पिटासचे महापौर झाले. माझी गाडी ज्या हातांतून गेली ते हात तेव्हा घरासाठीही भांडत होते, हे डेट्रॉइट-डेट्रॉइट करणाऱ्यांच्या गावीही नसतं. कारखाना १९८३ मध्ये बंद पडला. १९९४ मध्ये त्याच इमारतीत ग्रेट मॉल सुरू झाला, जिथे तुम्ही सेलमध्ये बूट घेता.

नेमकी कोणत्या दिवशी जोडली, ते मात्र सांगता येत नाही. ती तारीख दाराच्या पट्टीवर असते, आणि माझं दार परकं. त्यावरचा महिना ई, म्हणजे मे. तो एडिसनमधल्या दुसऱ्याच कुठल्या मस्टँगचा, जिचं बाकी अंग एव्हाना भंगारात गेलं असणार. फोर्डच्या उत्पादनाच्या नोंदी मार्टी ऑटो वर्क्स नावाच्या कंपनीकडे मिळतात, पण त्या १९६७ पासूनच्या. दोन वर्षांनी हुकली. उरतो इंजिनाच्या ओतीव अंगावरचा शिक्का: ४ एम ९. चार म्हणजे १९६४, एम म्हणजे डिसेंबर, कारण आकड्यातल्या एकाशी घोटाळा नको म्हणून आय अक्षर गाळलेलं असतं. इंजिन मूळचंच असेल तर गाडी त्यानंतरच कधीतरी जोडली गेली, आणि हे ‘असेल तर’ मी स्वतःलाही दर वेळी ऐकवतो.

बाबा आले तेव्हा त्यांना त्याच गाडीतून मॉलला नेलं. आत शिरल्यावर एकाही दुकानाकडे त्यांनी पाहिलं नाही. मान वर करून छप्पर बघत गोल फेरी मारली, मधेच थांबून “पेंट शॉप त्या टोकाला असणार” म्हणाले. कशावरून, ते सांगितलं नाही. मग चहा हवा झाला.

पार्किंगमध्ये परत आल्यावर मी म्हटलं, बाबा, आर नंबरवाल्या गाडीचं एक दार विकायला निघालंय, घेऊ का? त्यांनी ड्रायव्हरच्या दाराच्या फटीतून वरपासून खालपर्यंत नख फिरवलं. दार उघडलं, हलकेच ढकललं, ते एका ‘खट्’मध्ये लागलं.

“राहू दे,” म्हणाले. “फट सगळीकडे सारखी आहे.”