सात मेणबत्त्या, दोन कणसं: लॉस एंजेलिसच्या चर्चमधला क्वान्झा

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लॉस एंजेलिसला जाणार असाल तर एक संध्याकाळ क्वान्झासाठी राखून ठेवा. आफ्रिकन-अमेरिकन लोकांचा हा सण याच शहरात जन्मला. ऑगस्ट १९६५ मध्ये इथल्या वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीत दंगलीचा आगडोंब उसळला, ३४ माणसं गेली. पुढच्याच वर्षी कृष्णवर्णीय कार्यकर्ते मौलाना करेंगा यांनी २६ डिसेंबर ते १ जानेवारी असा सात दिवसांचा सण आखला. नाव स्वाहिलीतलं, ‘मातुंडा या क्वान्झा’ म्हणजे हंगामाची पहिली फळं. कोकणात नवान्न पौर्णिमेला भाताच्या नव्या लोंब्या दाराला बांधतात, त्याच गोत्रातली ही गोष्ट.

मेट्रोच्या ई लाइनने एक्स्पो/क्रेन्शॉला उतरून के लाइन धरली की लिमर्ट पार्क स्टेशन येतं. २६ तारखेला क्रेन्शॉ बुलेवार्डवरून मिरवणूक निघते, ती याच पार्ककडे येते. मिरवणूक बघाच, पण सण कळतो तो मेणबत्त्या पेटवताना. त्यासाठी मी चर्च सुचवीन, आणि तेही सगळ्यांना दार उघडं ठेवणारं. कृष्णवर्णीय समलिंगी माणसांना आपलं म्हणणारी चर्चेस इथे फार जुनी नाहीत. कार्ल बीन यांनी १९८०च्या दशकात या शहरात युनिटी फेलोशिप चर्च उभं केलं, एड्सच्या साथीत रुग्णांसाठी काम सुरू केलं. त्या काळाची खूण अशा चर्चमधल्या क्वान्झात अजून दिसते; कुठे, ते पुढे सांगतो.

नाताळच्या दुसऱ्याच दिवशी दुसरा सण, मग येशूच्या जन्माला हा पर्याय आहे का, असा प्रश्न विचारला जातो. सुरुवातीच्या वर्षांत करेंगांचा सूर ख्रिस्ती धर्माला प्रतिकूल होता. पुढे १९९७ मध्ये त्यांनी स्पष्ट लिहिलं की क्वान्झा कोणाच्या धर्माला पर्याय म्हणून नाही. चर्चमधली मंडळी बायबलच्या लेवीय २३ मधली पहिल्या पिकाची पेंढी वाचतात आणि पुढे जातात. मला हे पुरेसं वाटतं.

मांडणी नीट पाहा. वेदीवर काही ठेवत नाहीत, शेजारी वेगळं टेबल लावतात. त्यावर गवती चटई (म्केका), चटईवर सात खाचांचं लाकडी दीपदान (किनारा), फळं-भाज्या (मझाओ), मक्याची कणसं (मुहिंदी), एकीचा पेला (किकोंबे) आणि भेटी (झवादी). किनाऱ्यात मधोमध काळी मेणबत्ती, डावीकडे तीन लाल, उजवीकडे तीन हिरव्या. पहिल्या दिवशी काळी पेटते, ती उमोजा, म्हणजे एकीची. दुसऱ्या दिवशी लाल, तिसऱ्या दिवशी हिरवी, अशा आलटून पालटून. स्वतःचं नाव स्वतः ठरवणं, एकत्र काम, सहकारी अर्थकारण, उद्देश, सर्जन आणि शेवटी इमानी म्हणजे श्रद्धा, हा पुढच्या सहा दिवसांच्या तत्त्वांचा क्रम. ‘हबारी गानी?’ (काय खबर?) असं कोणी विचारलं तर ‘बरं आहे’ म्हणायचं नाही, त्या दिवसाच्या तत्त्वाचं नाव घ्यायचं.

इथे चुका ठरलेल्या होतात. काळी मेणबत्ती सातही दिवस जळते, त्यामुळे पाचव्या दिवशी तिचं बुडखं उरतं आणि लाल-हिरव्या ताठ उभ्या असतात. म्हणून काळ्या दोन-तीन जास्त आणतात. मेणबत्ती खाचेत हलत असेल तर बुडाला फॉइलची पट्टी गुंडाळतात. कागद कधीच नाही. खाली वाळकं गवत आहे, म्हणून किनारा धातूच्या ताटात ठेवलेला बरा. हीटरचा झोत वरून येत असेल तर मेण एकाच बाजूने ओघळतं, टेबल दोन हात सरकवलं की थांबतं. नाताळआधीच्या आगमनकाळातल्या जांभळ्या-गुलाबी मेणबत्त्या उरल्या म्हणून इथे लावणं मात्र चालत नाही, इथे प्रत्येक रंगाला अर्थ आहे: काळा लोकांचा, लाल संघर्षाचा, हिरवा पुढच्या आशेचा.

पुष्कळ चर्चेस सात दिवसांऐवजी एकाच संध्याकाळी सातही पेटवतात. मग प्रत्येक तत्त्वाला एक वाचक आणि दोन मिनिटं, एवढंच. हे घड्याळ सुटलं की जेवण थंड.

आता कणसं. रिवाज असा की घरात जितकी मुलं, तितकी कणसं. मूल नसलं तरी दोन ठेवायचीच, कारण वस्तीतली मुलं सगळ्यांची. या एका नियमात सर्वसमावेशक चर्चला आपली जागा सापडते. दोन बायकांचं घर, एकटा राहणारा म्हातारा, घरच्यांनी बाहेर काढलेला विशीतला पोरगा, कोणालाही ‘तुमची मुलं किती?’ असं विचारावं लागत नाही. दाराशी कणसांची टोपली असते, ज्याने त्याने उचलून चटईवर ठेवायची. पाहुण्यांनीही.

त्यानंतर तांबिको, म्हणजे पूर्वजांसाठी पाणी वाहणं. वडीलधारी व्यक्ती पेल्यातून थोडं थोडं पाणी कुंडीतल्या मातीत सोडते. गालिच्यावर नाही, कुंडीतच. कुंडीखाली बशी हवी. लोक एकेक नाव उच्चारतात आणि सगळे ‘आशे’ (तथास्तु) म्हणतात. काही ख्रिस्ती लोकांना ही पितृपूजा वाटते. त्याला उत्तर म्हणून बायबलच्या इब्री १२:१ मधला ‘साक्षीरूपी मेघ’, म्हणजे आपल्याभोवतीचे आधी गेलेले श्रद्धावंत, वाचला जातो. आजी-आजोबांची नावं होतात, आणि मग एड्सने गेलेल्यांची. यातल्या किती जणांची नावं घरच्या चर्चमध्ये अंत्यविधीलाही नीट घेतली गेली नव्हती. इथे पूर्ण नाव मोठ्याने घेतात. या वेळी मोबाइल खिशात ठेवा, फोटो नको.

पेल्यात पाणीच असलेलं बरं. द्राक्षरस घातला की लोकांना प्रभुभोजन (चर्चमधला भाकरी-द्राक्षरसाचा विधी) वाटतं. उष्टं नको म्हणून पेल्यातलं पाणी छोट्या कागदी कपांत ओतून देतात.

जेवण (करामू) ३१ तारखेला. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. शाकाहारी असाल तर विचारून वाढून घ्या: कॉलर्ड नावाच्या पालेभाजीत बहुधा डुकराचं किंवा टर्कीचं धुरावलेलं मांस असतं. तुम्ही चवळीची उसळ न्या. चवळी मूळची आफ्रिकेचीच, आणि नव्या वर्षाला ती खाणं इथे शुभ मानतात. भेट न्यायची तर पुस्तक, महागडी वस्तू नको.

जेवण साडेआठपर्यंत आटोपायला हवं, कारण त्याच रात्री चर्चमध्ये जागरणाची प्रार्थना असते. ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री गुलाम माणसं मुक्तीच्या जाहीरनाम्याची वाट पाहत जागली होती, त्याची ही आठवण. टेबल आवरतात, किनारा तसाच ठेवतात. सातवी, श्रद्धेची हिरवी मेणबत्ती १ जानेवारीची असते.