एम-वनमधले संबळ

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी, कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतील माझ्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानाचे शटर अर्धेच वर गेलेले असताना समोर रिक्षा थांबली आणि अण्णा आपला कोर्ग एम-वन हा की-बोर्ड चादरीत गुंडाळून, दोन्ही हातांवर आडवा धरून उतरले. अण्णा तीस वर्षांहून अधिक काळ ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवत आले आहेत. गणपती, नवरात्र आणि चैत्र-वैशाखातल्या गावजत्रा या त्यांच्या सुपाऱ्यांच्या दिवसांत हे यंत्र त्यांच्यापासून कधी लांब गेलेले मी पाहिले नाही. त्याच्या जॉयस्टिकचा मोडलेला दांडा मी पूर्वी एकदा उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडून नायलॉनच्या सळईतून करवून बसवला होता आणि तो अजून शाबूत होता.

"चालू केला की पडद्यावर बॅटरी लो येतंय," चादर सोडवता सोडवता ते म्हणाले. "दोन रात्री बंदच केला न्हाई. आत्ता आणायला म्हणून बंद केलाय. बघ बाबा, आत काय राहिलंय का."

हा प्रश्न त्यांना का पडला, हे कळण्यासाठी या यंत्राची रचना थोडी सांगायला हवी. एम-वन १९८८ साली बाजारात आला. आवाजांचे ध्वनिमुद्रित नमुने, त्यांना वळण देणारे फिल्टर, इफेक्ट आणि वाजवलेले टिपून पुन्हा वाजवून दाखवणारा आठ ट्रॅकचा सिक्वेन्सर हे सगळे एकाच पेटीत असल्यामुळे एकटा माणूस त्यावर अख्खे गाणे बांधू शकत असे. एका वेळी सोळा स्वर आणि चार मेगाबाइटची रॉम हा हिशेब आज किरकोळ वाटेल, पण त्या चार मेगाबाइटमधले पियानो आणि ऑर्गन ऐकून अनेक वादकांनी पदरचे सर्व पैसे त्यात घातले. रॉममधले नमुने कायमचे असतात, ते कशानेही पुसले जात नाहीत. वादक स्वतः बसून जे आवाज घडवतो ते मात्र रॅममध्ये राहतात. यंत्र चालू असेपर्यंत या रॅमला घरची वीज सांभाळते, आणि यंत्र बंद झाले की मदरबोर्डावरचा रुपयाएवढा, तीन व्होल्टचा, सीआर २०३२ जातीचा बटण सेल. तो पूर्ण उतरला की वादकाचे काम गेले. यंत्र तरीही चालूच राहते, कारखान्यातले आवाज पुन्हा भरता येतात आणि अनोळखी माणसाला त्यात काही बिघाड झाला आहे असे वाटतही नाही.

अण्णांच्या यंत्रात कारखान्याचे आवाज फारच थोडे उरले होते. १९९४ च्या पावसाळ्यात, कार्यक्रम नसलेल्या दिवसांत, त्यांच्या शेजारचे एक गोंधळी संबळ घेऊन त्यांच्याजवळ बसत असत आणि अण्णा त्या आवाजाच्या मागे लागलेले असत. एम-वनमध्ये संबळ नाही. त्यांनी काँगा, टॉम आणि टिंबाले यांचे आवाज घेतले, खर्जाच्या तोंडासाठी एकाचा स्वर खाली ओढला, कडक तोंडासाठी दुसऱ्याचा वर चढवला, घुमारा लांबला की तो तोडला, आणि प्रत्येक बदलानंतर शेजारच्या खऱ्या संबळावर थाप मारवून कानाने ताडून पाहिले. हे महिनाभर चालले होते. पुढे ऑर्केस्ट्रात गोंधळगीत असले की लोक संबळवाला कुठे बसला आहे म्हणून स्टेजवर शोधत असत. आज ते गोंधळी हयात नाहीत.

मी यंत्र टेबलावर ठेवले आणि चालू केले. दोन ओळींच्या पडद्यामागचा दिवा मंदावलेला होता, त्यामुळे तिरके वाकून वाचावे लागले. बॅटरीची सूचना आली, गेली, आणि खाली प्रोग्रॅमचे, म्हणजे साठवलेल्या आवाजाचे, नाव आले: संबळ, इंग्रजी अक्षरांत. अण्णांनी दोन पट्ट्या दाबल्या. आवाज शाबूत होता. त्यांनी हात लगेच मागे घेतला, जणू जास्त वाजवले तर सेल आणखी उतरेल.

माझ्या दुकानात एक नियम आहे. आधी आतला सगळा मजकूर मिडीच्या, म्हणजे वाद्य संगणकाला जोडणाऱ्या तारेच्या, वाटे बाहेर काढायचा, आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायचा. हा नियम मी एका वादकाचे नुकसान करून शिकलो. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत इचलकरंजीच्या एका वादकाच्या की-बोर्डचा सेल मी न विचारता काढून नवा बसवला होता. संध्याकाळी तो आला, प्रोग्रॅम एकेक करून पाहत गेला आणि शेवटी फक्त "सगळंच?" एवढे म्हणाला. मी पैसे घेतले नाहीत, पण त्याने त्याचे काही परत आले नाही.

परतीच्या पावसाचे ढग भरून आले होते आणि अशा दिवसांत आमच्या भागात वीज जाते-येते. दुकानाचा इन्व्हर्टर चालू व्हायला क्षणभर घेतो, आणि अर्ध्यावर आलेला डंप, म्हणजे यंत्रातून बाहेर येणारा मजकूर, तेवढ्यानेही वाया जातो, म्हणून यंत्र आणि संगणक दोन्ही मी छोट्या यूपीएसवर घेतले. मग मिडीची केबल लावून, ग्लोबल मोडमध्ये जाऊन, सर्व डेटा एकत्र बाहेर पाठवण्याची आज्ञा दिली. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे ३,१२५ बाइट असतो. तेवढ्या वेगानेही एम-वनचा सगळा ऐवज अर्ध्या मिनिटाच्या आसपास निघून येतो. मी नेहमी दोनदा डंप घेतो आणि दोन फायली बाइटला बाइट लावून पाहतो. त्या दिवशी त्या जुळल्या नाहीत. दुसरी फाईल पहिलीपेक्षा लहान होती आणि तिच्या शेवटी संदेश संपल्याची खूण असलेला बाइटच नव्हता. माझा नेहमीचा मिडी इंटरफेस महिनाभरापूर्वी जळाला होता आणि त्याच्या जागी मी एक स्वस्तातली केबल आणली होती. अशा केबलींमध्ये साठवणीची जागा इतकी थोडी असते की लांबलचक संदेश आला की मधले बाइट गळून पडतात. गाणे वाजवताना हा दोष कधीच कळत नाही, कारण तेव्हाचे संदेश दोन-तीन बाइटांचे असतात.

तेव्हा मी तुकड्या-तुकड्याने घ्यायचे ठरवले. सगळे प्रोग्रॅम वेगळे, अनेक प्रोग्रॅम एकत्र करून केलेली काँबिनेशन वेगळी, सिक्वेन्सरमधली गाणी वेगळी. हे संदेश लहान असल्यामुळे नीट आले. प्रत्येक दोनदा घेतला आणि प्रत्येक जोडी तंतोतंत जुळली. "मिळालं अण्णा," मी सांगितले, आणि मागच्या पाटावरचे स्क्रू सैल करायला घेतलेही.

दुकानात माझा स्वतःचा एम-वन आहे. तो मी वादक म्हणून घेतला होता. आता वाजवणे कमी झाले आहे, पण तो विकावा असे कधी वाटले नाही. त्या सकाळी तो भिंतीला टेकून उभा होता, आणि फाईल जुळली म्हणजे आवाज जुळला असे होत नाही, हे स्वतःलाच सांगत मी स्क्रू-ड्रायव्हर ठेवला. माझ्या यंत्रातला मजकूर आधी बाहेर काढला, त्याचे मेमरी प्रोटेक्ट, म्हणजे मजकुरावरचे कुलूप, उघडले, एक्स्क्लुझिव्ह म्हणजे डंपचे संदेश स्वीकारण्याची परवानगी दिली, दोन्ही यंत्रांचे चॅनेल आणि मेमरीची वाटणी सारखी असल्याची खात्री केली आणि अण्णांचे प्रोग्रॅम त्यात भरले. पडद्यावर संबळाचे नाव आले. अण्णा पुढे झाले, त्यांनी तीच पट्टी दाबली, आणि साधा स्नेअर ड्रम वाजला. दुसरी दाबली, तर झांज.

"हे माझं न्हवं," अण्णा म्हणाले.

प्रोग्रॅम त्यांचाच होता. एम-वनमध्ये ताल-वाद्यांचा प्रोग्रॅम स्वतःजवळ एवढेच लिहून ठेवतो की चार ड्रम किटांपैकी अमुक क्रमांकाचे किट वापरावे. त्या किटात कोणत्या पट्टीवर कोणते वाद्य आहे, त्याचा स्वर किती चढवला आहे, आवाज किती मोठा आहे आणि तो किती लवकर विरतो, हे सगळे प्रोग्रॅममध्ये नसून ग्लोबलमध्ये असते, म्हणजे यंत्राच्या सर्वसाधारण मांडणीबरोबर. अण्णांनी १९९४ साली महिनाभर जे केले ते पूर्णपणे तिथे होते. माझ्या यंत्राने तोच क्रमांक वाचला आणि स्वतःचे, कारखान्यातले किट वाजवले. हे मला पुस्तकातून माहीत होते. पण इतक्या वर्षांत स्वतःचे किट बांधणारा वादक माझ्याकडे आला नव्हता, आणि एकत्र डंप घेतला की ग्लोबल आपोआप येत असल्यामुळे त्याचा वेगळा विचार करण्याची वेळही आली नव्हती. माझा एम-वन शेजारी नसता तर दुपारपर्यंत मी सेल उपटला असता आणि अण्णांच्या हातात संबळाचे फक्त नाव राहिले असते.

ग्लोबलचा डंप छोटा असतो, काही क्षणांत आला. दोनदा घेतला, जुळवला आणि माझ्या यंत्रात भरला. या वेळी अण्णांनी डाव्या हाताने खर्ज आणि उजव्या हाताने कडक तोंड धरून गोंधळाच्या चालीचे एक आवर्तन वाजवले, खर्जाचा घुमारा जिथे तुटायला हवा तिथे तुटतो का ते दोनदा तपासले, आणि "ह्यो," एवढेच म्हणून स्टुलावर बसले. नऊला उघडलेल्या दुकानात पहिला चहा त्यानंतर आला.

मग यंत्र उघडले. सेल मीटरवर २.५८ व्होल्ट दाखवत होता. नवा सेल ३.२ च्या आसपास दाखवतो. या जातीच्या रॅमला मजकूर धरून ठेवायला साधारण दोन व्होल्ट पुरतात, पण सेलपासून रॅमपर्यंतच्या वाटेत डायोड असतो आणि तो आपला वाटा खातो, त्यामुळे हाती राहिलेले अंतर नावापुरतेच होते. सेल बोर्डाला सोल्डर केलेला होता. तो उतरवून त्या जागी मी सेल ठेवायची खाच बसवली, म्हणजे पुढच्या वेळी सेलजवळ सोल्डरिंगची तापलेली इस्त्री न्यावी लागणार नाही.

पण त्या दिवसातले माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे ते पट्ट्यांच्या खालचे दृश्य. मधल्या सप्तकातल्या काही पट्ट्या हलकेच दाबल्या तरी पूर्ण जोराने वाजतात, अशी अण्णांची तक्रार होती. प्रत्येक पट्टीखाली रबराच्या घुमटीत कार्बनचे दोन ठिपके असतात. दाबल्यावर एक आधी टेकतो आणि दुसरा किंचित नंतर, आणि या दोहोंमधल्या वेळेवरून यंत्र बोटाचा जोर ओळखते. मध्ये धूळ बसली की हा वेळ चुकीचा मोजला जातो. मी पट्ट्या काढून रबराची पट्टी उचलली, तर खालच्या बोर्डावर गुलाबी आणि पिवळ्या रंगाचे थर होते. गुलाबी रंग जोतिबाच्या चैत्र यात्रेतला गुलाल होता आणि पिवळा पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेतला भंडारा. दोन्हीकडे अण्णांनी कितीतरी वर्षे वाजवले आहे आणि दोन्हीकडे हवाच त्या रंगाची झालेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा पहिला बोळा गुलाबी निघाला, दुसरा पिवळा, आणि कोपऱ्यातून निघालेल्या एका बोळ्यावर दोन्ही रंग थरांसारखे स्पष्ट वेगळे दिसत होते. बोर्डावरचे ठिपके मी चांगले पुसून घेतले, मात्र रबरातल्या कार्बनवर बोळा फक्त टेकवला, कारण तो घासला तर कार्बनच निघून येतो आणि पट्टी कायमची मुकी होते. काही वादक घाईने तिथे भलताच स्प्रे मारतात. त्याने दोन आठवडे बरे वाटते आणि मग तेलकट थरावर धूळ आणखी घट्ट बसते. अण्णा त्या पिवळ्या बोळ्याकडे बघत राहिले आणि टाकू नको म्हणाले, म्हणून तो मी कागदाच्या पुडीत बांधून त्यांना दिला.

सगळे वाळल्यावर यंत्र जोडले. सेल काढल्यामुळे आतला मजकूर अर्थातच गेलेला होता आणि पडद्यावर नावांच्या जागी निरर्थक अक्षरे दिसत होती. अण्णांनी ती पाहू नयेत म्हणून मी पडद्यावर हात धरला होता, हे आता लिहिताना लक्षात येते. ग्लोबल, प्रोग्रॅम, काँबिनेशन, गाणी असे ओळीने भरले, यंत्र बंद केले, पूर्ण पाच मिनिटे थांबलो आणि पुन्हा चालू केले. बॅटरीची सूचना आली नाही आणि संबळ जागेवर होते. तळाच्या पत्र्यावर सेल बदलल्याची तारीख मार्करने लिहिली. फायलींची एक प्रत अण्णांच्या मुलाला पाठवली, एक पेनड्राइव्हवर अण्णांना दिली आणि एक माझ्याकडे ठेवली.

सहा वाजत आले होते आणि पाऊस थांबला होता. रिक्षा येईपर्यंत अण्णा वाजवत बसले. वाजवता वाजवता मध्येच थांबून त्यांनी ग्लोबलमध्ये जायचे कसे ते मला विचारले, कारण इतक्या वर्षांत त्यांचा त्या पानाशी संबंध उरला नव्हता. कडक तोंडाचा स्वर त्यांना पहिल्यापासून थोडा चढा वाटत होता. गोंधळी म्हणत होते तोच बरोबर, पण तेव्हा आपण ऐकले नाही, असे ते म्हणाले. मी पान उघडून दिले. त्यांनी आकडा एकेक करून खाली आणला, प्रत्येक वेळी पट्टी दाबून ऐकली, आणि एका ठिकाणी थांबले.

"आता हेच ठेव," ते म्हणाले.

रिक्षावाल्याला दोन मिनिटे थांबायला सांगून मी केबल पुन्हा जोडली आणि ग्लोबलचा डंप नव्याने घेतला, दोनदा.