‘हे हातानं काढलंय कशावरून?’ : पिक्सेल आर्ट स्पर्धेचे नियम ठरवताना

आमची पिक्सेल आर्टची, म्हणजे स्क्रीनवर एकेक चौकोनी ठिपका (पिक्सेल) भरत काढलेल्या चित्रांची, स्पर्धा दर महिन्याला होते. प्रवेश फी नाही, बक्षीस नाही. जिंकणाऱ्यानं पुढच्या महिन्याचा विषय द्यायचा, एवढाच मान. कोल्हापूर, इचलकरंजी, पुणे, नाशिक इथली हौशी मंडळी आणि मस्कतला राहणारी एक ताई, असा सगळा गोतावळा. हौसेच्या स्पर्धेला नियमावली कशाला हवी, असं मला घरचेसुद्धा विचारतात. हवी. नियम लिहिलेले नसले की प्रत्येक जण मनात आपापला नियम धरून चित्र काढतो, आणि निकालाच्या दिवशी ते सगळे एकमेकांवर आदळतात. आमचा अख्खा पावसाळा यातच गेला. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. कुणाला अशी स्पर्धा सुरू करायची असेल तर त्यांचे तरी ते महिने वाचावेत, म्हणून लिहितेय.

सोपं होतं ते आधी उरकते. आकार ६४ × ६४ पिक्सेलच्या आत, हे एका बैठकीत ठरलं. पूर्वी मर्यादाच नव्हती. एकानं ३२० × २०० मध्ये अख्खा किल्ला उभा केला, दुसऱ्यानं १६ × १६ मध्ये एक पणती काढली. पणती अप्रतिम होती, मतं किल्ल्याला गेली. मोठ्या चित्रात घातलेला वेळ दिसतो आणि बघणारा नकळत त्या वेळेला मत देतो. लहान म्हणजे कमी दर्जाचं, असं या कलेत मुळीच नाही. सुझन केअर यांनी १९८४ च्या मॅकिन्टॉशसाठी ३२ × ३२ च्या चौकटीत, नुसत्या काळ्या-पांढऱ्यात चिन्हं काढली आणि ती आजही लोक ओळखतात.

रंग १६. एका महिन्यात ठरलेला संच, म्हणजे पिको-८ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचा किंवा डॉनब्रिंगर या टोपणनावाच्या पिक्सेल कलाकाराचा, आणि पुढच्या महिन्यात प्रत्येकाचे स्वतःचे १६. रंग निवडणं हेही कौशल्यच आहे, ते दर वेळी काढून घेऊ नका, असा आग्रह मस्कतच्या ताईंनी धरला आणि तो बरोबर होता. पारदर्शक भाग रंगात मोजायचा की नाही यावर एक संध्याकाळ गेली. जुन्या यंत्रांचा दाखला देऊन एकानं तो प्रश्न मिटवला: १९८९ च्या गेम बॉयवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्रावर, हलत्या आकृतीच्या रंगसंचात चार जागा असत, त्यातली एक पारदर्शकतेला जाई आणि दिसायला तीन छटा उरत. म्हणून आमच्याकडे पारदर्शक हा एक रंग धरतात. अर्धपारदर्शक पिक्सेल चालत नाहीत.

इथेच सांगून टाकते, नाहीतर राहील: चित्र पीएनजी म्हणून आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच मागवा. चॅटवर साधा फोटो म्हणून पाठवलं की त्याचं जेपीईजी होतं, कडांना धुरकट छटा येतात आणि १६ रंगांच्या चित्रात शेकडो रंग मोजले जातात. पाठवणाऱ्याचा काही दोष नसतो आणि चित्र बाद होतं. मोठं करून दाखवायचं असेल तर दुप्पट, चौपट असं पूर्णांकातच मोठं करायचं. आमच्याकडे मूळ आकाराची फाइल सक्तीची, मोठी ऐच्छिक.

आता अडलेली गोष्ट.

विषय होता ‘एसटी स्टँड’. एक चित्र आलं, फारच सुंदर. लाल गाडी, पावसानं ओला झालेला फलाट, फलाटात पडलेलं दिव्यांचं प्रतिबिंब. काढणारी मुलगी कॉलेजात शिकणारी, आमच्यात नवीन, फोनवर काढणारी. चित्र सगळ्यांसमोर आलं आणि थोड्याच वेळात एकानं लिहिलं, ‘फोटो बारीक करून टाकलाय.’ मग दुसऱ्यानं री ओढली. तिसरा म्हणाला, एआयचं असणार. ती बिचारी म्हणाली, ‘मीच काढलंय.’ यापलीकडे ती काय बोलणार? हातानं काढलं हे सिद्ध कसं करायचं, हे तिला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. त्या महिन्याचं संयोजन माझ्याकडे होतं. मी निकाल थांबवला आणि म्हटलं, आधी नियम करू, मग बोलू.

नियम करायला बसलो आणि व्याख्येत अडकलो. ‘प्रत्येक पिक्सेल हातानं ठेवलेला असावा,’ असं पहिलं वाक्य तयार झालं. ऐकायला छान. पण मग एकरंगी आभाळ भरायला बादलीचं साधन वापरलं तर? सरळ रेघेचं साधन? अर्धा चेहरा काढून आरशासारखा उलटवला तर? ही साधनं आमच्यातला प्रत्येक जण वापरतो. त्या वाक्याला अपवाद जोडत गेलो आणि ते परिच्छेदभर लांबलं.

मग गिरवण्याचा वाद. फोटो खालच्या थरावर ठेवून वरून काढणं चालेल का? आमची एक आर्किटेक्ट मैत्रीण म्हणाली, गिरवणं म्हणजे रेखाटन नव्हेच. त्यावर इचलकरंजीचे काका बोलले. त्यांचं आयुष्य कापडाची डिझाइनं ग्राफ पेपरवर उतरवण्यात गेलं आहे; एक चौकोन म्हणजे एक धागा. ते म्हणाले, जुन्या साडीच्या काठावरचा मोर समोर ठेवूनच आम्ही नवा मोर बसवतो. गोल मान चौकोनांत बसवताना कुठला चौकोन भरायचा आणि कुठला सोडायचा, हे ठरवणं हेच ते काम. मला हे मनापासून पटलं. ६४ × ६४ म्हणजे ४,०९६ चौकोन. फोटो खाली असला तरी त्यातला प्रत्येक निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

इथवर मतभेद होते, पण चर्चा पुढे सरकत होती. ती पार थांबवली आमच्यातल्या एका ज्येष्ठ सदस्यानं. कुठलाही नियम मांडला की त्यांचं उत्तर ठरलेलं: ‘यातून पळवाट निघते.’ निघते, मान्य. पण पळवाट नसलेला नियम सापडेपर्यंत स्पर्धा बंद ठेवायची, हा त्यांचा हट्ट. दर रविवारी तीच चर्चा, शेवटी तेच वाक्य, आणि सगळे ‘बघू पुढच्या वेळी’ म्हणून उठणार. इकडे त्या मुलीचं चित्र तसंच लटकलेलं. ती स्वतःहून काही विचारत नव्हती, आणि मला त्याचाच जास्त त्रास होत होता. आरोप करायला एक ओळ पुरते. तो मिटवायला सगळ्यांची संमती हवी, हा कुठला न्याय?

शेवटी मी दोन प्रश्न वेगळे केले. काय चालेल हा एक, आणि कसं तपासायचं हा दुसरा. पहिल्यावर आमचं बरंचसं एकमत होतं. घोळ दुसऱ्यात होता.

मी तिचं चित्र मोठं करून चौकोन-चौकोन पाहिलं. यंत्रानं बारीक केलेल्या फोटोच्या खुणा असतात. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची १९७६ ची पद्धत कित्येक सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती रंग कमी करताना मूळ रंगात पडलेला फरक शेजारच्या पिक्सेलवर ढकलत जाते, त्यामुळे वळवळत्या किड्यांसारखे ठिपके पडतात. एकटेच पडलेले, काहीच न सांगणारे पिक्सेल सगळीकडे विखुरलेले दिसतात. एआयच्या चित्रात बहुतेकदा चौकोनच सारखे नसतात: एक सात ठिपके रुंद, शेजारचा आठ, आणि एकाच चौकोनाच्या आत छटा बदललेली. मूळ आकारात आणायला गेलं की ते चित्र विस्कटतं. तिच्या चित्रात यातलं काही नव्हतं. प्रतिबिंबातले ठिपके बुद्धिबळाच्या पटासारखे नेमके होते, आणि गाडीचाच गडद लाल तिनं ओल्या फलाटात पुन्हा वापरला होता.

पण ज्येष्ठांनी इथेही बोट ठेवलं, आणि या वेळी ते बरोबर होते. असे नेमके ठिपके एसेप्राइटसारखं पिक्सेल आर्ट काढायचं सॉफ्टवेअरही रंग कमी करताना टाकून देऊ शकतं. म्हणजे तयार चित्राकडे पाहून अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही. हे एकदा सगळ्यांनी मान्य केल्यावर वाट मोकळी झाली. पुरावा चित्रात शोधायचा नाही, चित्र होत असताना जमा करायचा.

युरोपातल्या डेमोसीनमध्ये हे फार आधीपासून चालतं. संगणकावर चित्रं, संगीत, चलचित्रं करणाऱ्यांची ही परंपरा. फिनलंडनं २०२० मध्ये आणि जर्मनीनं २०२१ मध्ये तिला आपापल्या जिवंत सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. जर्मनीत सारब्रुकेनला ईस्टरच्या सुमारास ‘रिव्हिजन’ नावाचा मेळावा भरतो, तिथे चित्रासोबत कामाचे टप्पे द्यावे लागतात. मी तेच सुचवलं. कच्ची रेघ, सपाट रंग, उजेड-सावली, असे निदान तीन टप्पे.

‘पूर्ण चित्र मागे मागे पुसत गेलं की टप्पे तयार,’ ज्येष्ठ म्हणाले.

याचं उत्तर काकांनी दिलं. पुसून केलेल्या टप्प्यांत प्रत्येक गोष्ट पहिल्यापासून शेवटच्या जागीच असते. खरं काढणारा माणूस मन बदलतो. हात सरकतो, खिडकी लहान होते, रंग बदलतो. टप्प्यांत ही खाडाखोड दिसते. कुणी खोटी खाडाखोडही रचेल, पण बक्षीस नसलेल्या स्पर्धेसाठी एवढे कष्ट घेण्यापेक्षा चित्र काढणं सोपं.

मी त्या मुलीला फोन केला. तिनं आधीचा एक नमुना मैत्रिणीला दाखवायला पाठवलेला होता, तो शोधून दिला. त्यात गाडीचं तोंड उलट्या बाजूला होतं आणि दारात कंडक्टर उभा होता, जो शेवटच्या चित्रात नाही. निकाल लागला. तिला दुसरा क्रमांक मिळाला. आरोप करणाऱ्यांपैकी एकानं सगळ्यांसमोर माफी मागितली, बाकीचे गप्प राहिले.

तर आता आमचा नियम असा आहे. फोटो संदर्भाला चालतो, गिरवलेलाही चालतो, पण फोटो स्वतःचा किंवा वापरायला मोकळा असावा आणि चित्रासोबत तो द्यावा. दुसऱ्या कलाकाराचं पिक्सेल चित्र बदलून देता येणार नाही. बादली, रेघ, आरसा ही साधनं चालतात. आपोआप ठिपके पाडणं आणि फिल्टर चालत नाहीत. एआय कुठल्याच टप्प्यावर नाही, गिरवायलासुद्धा नाही. तीन टप्पे सक्तीचे. ग्राफच्या वहीवर आधी काढत असाल तर त्या पानाचा फोटो हा टप्पा धरला जातो. टप्पे शेवटी गोळा करायला बसू नका; काढतानाच वेगळ्या नावानं फाइल जपून ठेवा. एसेप्राइटच्या फाइलमध्ये मागच्या कृतींचा इतिहास साठत नाही, सॉफ्टवेअर बंद केलं की तो गेला.

शंका असेल तर ती फक्त त्या महिन्याच्या दोन संयोजकांना कळवायची, मतदान सुरू होण्याआधी. सगळ्यांसमोर आरोप केला की त्या महिन्यात मत देता येत नाही. या कलमाला मी सर्वांत जास्त भांडले आणि ते आहे याचा मला अभिमान आहे.

नियम निवडताना मी एक कसोटी लावते: चित्र पाठवण्याआधी काढणाऱ्याला तो स्वतः तपासता येतो का? आकार येतो, रंग मोजता येतात, टप्पे आहेत का हे दिसतं. ‘पिक्सेल आर्टच्या आत्म्याला धरून असावं’ असं एक कलम कुणीतरी सुचवलं होतं. ते तपासता येत नाही, म्हणून घेतलं नाही. आणि एका ठरावीक सॉफ्टवेअरची सक्ती तर कधीच करू नका. एसेप्राइट विकत घ्यावं लागतं. पिस्केल ब्राउझरमध्ये फुकट चालतं, लिब्रेस्प्राइटही फुकट आहे, आणि आमची निम्मी तरुण मंडळी फोनवरच काढतात.

मतदानाचं थोडक्यात. सगळी चित्रं एकाच वेळी, नावांशिवाय, क्रम बदलून दाखवायची. लवकर आलेलं चित्र आधी दाखवलं की त्याला जास्त मतं पडतात. प्रत्येकानं तीन चित्रं निवडायची, ३, २, १ गुण, स्वतःचं सोडून. ज्यानं चित्र दिलं त्यानं मत दिलंच पाहिजे, नाहीतर त्याचं चित्र निकालात धरत नाहीत. बाहेरच्यांची मतं घेत नाही, कारण मग ज्याचे नातेवाईक जास्त तो जिंकतो. बरोबरी झाली तर ज्याला ३ गुण जास्त जणांनी दिले तो पुढे. तेही सारखं असेल तर दोघांनी मिळून विषय द्यायचा. लागोपाठ दोनदा जिंकणारा तिसऱ्या महिन्यात संयोजक होतो, आणि संयोजकाचं चित्र स्पर्धेत नसतं.

नियम महिन्याच्या मध्ये बदलायचा नाही, कितीही योग्य वाटला तरी. सूचना येतील त्या लिहून ठेवायच्या आणि पुढचा विषय जाहीर होण्याआधी एकदाच त्यावर बोलायचं. चर्चा एकाच बैठकीत संपली नाही तर साध्या बहुमतानं ठरवायचं आणि तीन महिने तो नियम चालवून बघायचा. आमचे ज्येष्ठ सदस्य याला अजूनही विरोध करतात, पण टप्पे मात्र सगळ्यांच्या आधी त्यांचेच येतात.

आणि शेवटची तारीख लिहिताना वेळेसोबत ‘भारतीय वेळ’ असं लिहा. मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, आणि त्यावरूनही एकदा वाद झाला आहे.