नेक्स्टपेजचे तुकडे सांधले, पण ‘/२/’ काही मिटेना

मागच्या नोंदीत ज्या रायगडाच्या लेखाची सात पाने झाल्याचे लिहिले होते, तो आज प्रथमच एका पानावर सलग वाचता आला. आठवडाभर मी वर्डप्रेस या ब्लॉग चालवणाऱ्या प्रणालीच्या ‘द_कंटेंट’ या फिल्टरमध्ये (मजकूर दाखवण्याआधी तो बदलू देणाऱ्या कोडच्या जागी) लेखाची पाने पाडणारी नेक्स्टपेजची खूण पुसत बसलो होतो आणि काहीच बदलत नव्हते. कारण लक्षात आले तेव्हा स्वतःचेच हसू आले: वर्डप्रेस मजकुराची पाने पाडतो तो त्याच्याही आधी, लेख दाखवायची तयारी करणारे ‘सेटअप_पोस्टडेटा’ हे फंक्शन चालताना, त्यामुळे मी जी खूण पुसत होतो ती त्या टप्प्यावर उरलेलीच नसे.

योग्य जागा म्हणजे ४.४ आवृत्तीपासून असलेला ‘कंटेंट_पेजिनेशन’ फिल्टर. तेथे पानांची अ‍ॅरे हाती येते. ती यादी इम्प्लोड या फंक्शनने एका मजकुरात जोडून एकाच घटकाची अ‍ॅरे परत केली की काम होते. जोडताना मधे रिकामी स्ट्रिंग दिली, तेव्हा जुन्या एडिटरमधले परिच्छेद एकमेकांना चिकटले, कारण खुणेलगतच्या नव्या ओळी वर्डप्रेस आधीच काढून टाकतो. दोन नव्या ओळी दिल्यावर सगळे सुरळीत झाले. एवढ्याशा कामासाठी वेगळे तयार प्लगइन बसवणे मला कधीच पटलेले नाही.

खरा वैताग पुढेच होता. लेखाच्या पत्त्यामागे ‘/२/’ लावले तरी तोच संपूर्ण लेख उघडे आणि त्याचा कॅनॉनिकल (शोधयंत्रांना मूळ पत्ता सांगणारा) दुवाही ‘/२/’ कडेच बोट दाखवी. डेटाबेसमधील मजकुरात खूण शाबूत असल्याने ४०४ ची (‘पान सापडले नाही’ची) तपासणी ते पान खरे धरते. शेवटी ‘टेम्प्लेट_रिडायरेक्ट’ या टप्प्यावर, केवळ एकेरी लेखांपुरते, मूळ पत्त्याकडे कायमचे वळवणारे ३०१ रिडायरेक्ट लावले, स्थिर मुखपृष्ठाला मुद्दाम वगळले, कारण तेथे ‘पेज’ हेच चल नोंदींच्या यादीच्या पानांसाठी वापरले जाते. होस्टिंगवाल्यांचा कॅशे (साठवलेली प्रत) जुनेच पान दाखवत राहिल्याने त्यातही एक संध्याकाळ वाया गेली.

हा कोड थीमच्या फंक्शन्समध्येच ठेवणार होतो, परंतु लिहिता लिहिता जाणवले की थीम बदलली की लेखाचे पुन्हा सात तुकडे होतील. म्हणून तो आता थीम कोणतीही असली तरी आपोआप चालणाऱ्या ‘एमयू-प्लगइन्स’ फोल्डरमध्ये हलवतो. डब्ल्यूपी-सीएलआय या कमांड-लाइन साधनाच्या सर्च-रिप्लेसने सगळ्या खुणाच काढाव्यात असेही मनात आले, पण पुढे कधी पाने हवी झाली तर ती कोठे पाडली होती हे कळायला मार्ग उरणार नाही. तूर्त रविवारी बॅकअप घेऊन ड्राय-रनपुरतेच (काहीही न बदलता केलेल्या चाचणीपुरतेच) थांबेन आणि डेटाबेसमधील एकंदर किती नोंदींत खुणा सापडतात तेवढे मोजेन.